गप्पी माशांतील नर-मादीची ओळख आणि त्यांचे एका टाकीतील सहजीवन

बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीच्या बाजारात गप्पी मासे घ्यायला गेले की दुकानदार बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘किती जोड्या देऊ?’ एक नर आणि एक मादी एवढ्यात संसार पूर्ण होतो अशी आपलीही समजूत असते, त्यामुळे हा प्रश्न कोणाला खटकत नाही. मीही पहिल्यांदा अशीच एक जोडी घरी आणली होती. निळ्या शेपटीचा नर सतत त्या राखी मादीभोवती फिरतो याचे पहिले दोन दिवस मुलांना मोठे कौतुक वाटले. पाचव्या दिवसापासून मादी फिल्टरच्या मागे दडून राहू लागली, खाणे टाकले तरी वर येईनाशी झाली आणि बाराव्या दिवशी सकाळी ती तळाशी मेलेली आढळली. पाणी स्वच्छ होते आणि तिच्या अंगावर रोगाची कोणतीही खूण नव्हती. दिवसभर पाठलाग करणाऱ्या नरापासून दूर जाण्यासाठी त्या लहानशा टाकीत तिला जागा नव्हती, आणि त्याचे लक्ष दुसरीकडे वळेल अशी आणखी एखादी मादीही नव्हती. गप्पींच्या बाबतीत ‘जोडी’ ही कल्पनाच मुळात चुकीची आहे, हे मला त्या मादीच्या मरणाने कळले. नर-मादी ओळखायला शिकायचे ते त्यांचे प्रमाण आपल्या हातात राहावे म्हणून.

हा मासा आपल्याकडे अनेकांनी प्रथम पाहिला तो परसातल्या आडात किंवा शाळेच्या हौदात, कारण डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याचे कर्मचारी तो तेथे सोडतात. त्याचे मूळ घर मात्र व्हेनेझुएला, त्रिनिदाद आणि आसपासचा प्रदेश हे आहे. विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ मध्ये व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. पुढे त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवलेल्या माशांना अल्बर्ट ग्युंथर यांनी १८६६ मध्ये गप्पी यांचेच नाव दिले. पीटर्स यांचे वर्णन आधीचे असल्यामुळे शास्त्रीय नाव पीसिलिया रेटिक्युलाटा हेच टिकले, परंतु लोकांच्या तोंडी ‘गप्पी’ बसले ते कायमचे. रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार. ही जाळी, म्हणजे प्रत्येक खवल्याची गडद किनार, रंगांखाली झाकल्या गेलेल्या नरापेक्षा साध्या राखी मादीच्या अंगावर अधिक स्पष्ट दिसते.

नर आणि मादी कसे ओळखावे

आपल्या भागातील काही दुकानांत माशांच्या टाक्यांवर कन्नडमध्ये ‘गंडु’ आणि ‘हेण्णु’, म्हणजे नर आणि मादी, असे लिहिलेले असते. त्या पाटीवर विसंबून न राहता प्रत्येक मासा स्वतः पाहून घ्यावा. बहुतेक लोक रंगावरून निवाडा करतात आणि तेथेच फसतात. रानटी गप्पींमध्ये नर रंगीत आणि मादी राखी-पिवळट असते हे खरे आहे. पण बाजारात येणाऱ्या शोभिवंत जातींमध्ये मादीच्या शेपटीवरही निळा, लाल किंवा काळा रंग उतरलेला असतो आणि लहान नरांना तर काही आठवडे रंगच नसतो. म्हणून रंगाला शेवटचा मान द्यावा आणि आधी पोटाखालचा पर पाहावा.

माशाच्या पोटाच्या खालच्या बाजूला, शेपटीच्या अलीकडे, एकच एक पर असतो. मादीमध्ये तो लहानशा हातपंख्यासारखा त्रिकोणी व पसरट असतो. नरामध्ये तोच पर अरुंद, लांबट आणि काडीसारखा होऊन मागे वळलेला असतो. याला गोनोपोडियम म्हणतात आणि नर त्याच्या साहाय्याने मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. गप्पी अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लांना जन्म देतात, आणि त्यासाठी लागणारे फलन मादीच्या पोटातच होते. ही काडी एकदा नीट पाहून ठेवली की पूर्ण वाढलेल्या माशाबद्दल शंका राहत नाही, मग त्याचा रंग कोणताही असो.

दुसरी खूण मादीपुरती आहे. तिच्या पोटाच्या मागच्या भागात, त्या त्रिकोणी पराच्या वरच्या अंगाला, एक गडद डाग असतो. मासे पाळणारे त्याला ग्रॅव्हिड स्पॉट म्हणतात. गर्भार मादीमध्ये तो मोठा व काळसर होतो आणि बाळंतपण जवळ आले की कधी कधी त्यातून पिल्लांच्या डोळ्यांचे बारीक ठिपकेही दिसतात. अगदी फिक्या, पिवळट जातींमध्ये हा डाग नारिंगी किंवा जवळजवळ अदृश्य असतो, त्यामुळे डाग दिसला नाही एवढ्यावरून मासा नर ठरवू नये.

अंगकाठीचा फरक त्यानंतर येतो. पूर्ण वाढलेली मादी सुमारे चार ते सहा सेंटिमीटर लांब आणि पोटाने गोलसर असते, तर नर बारीक आणि साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. बाजारातल्या लांब शेपटीच्या नराची लांबी शेपटीसकट मोजली तर तो मादीएवढा भासतो. म्हणून धडाची तुलना करावी.

टाकीत सतत हलणाऱ्या माशाचा पर पाहणे अवघड जाते. त्यासाठी टाकीतलेच पाणी घेऊन काचेच्या सपाट बाजूंच्या बरणीत मासा दोन-तीन मिनिटांसाठी काढावा, बरणी खिडकीच्या उजेडासमोर धरावी आणि बाजूने मोबाइलवर चार-सहा छायाचित्रे घ्यावीत. छायाचित्र मोठे करून पाहिले की पराचा आकार स्पष्ट कळतो. मासा हातात धरून पाहण्याची काहींना सवय असते. तिच्यामुळे अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो आणि गर्भार मादी तर अशा हाताळणीने अकाली पिल्ले टाकू शकते.

पिल्लांच्या बाबतीत घाई उपयोगाची नाही, पण उशीरही परवडत नाही. जन्मतः पिल्लू जेमतेम सहा-सात मिलिमीटरचे असते आणि तेव्हा काहीच ओळखता येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी काही पिल्लांच्या पोटात फिकट डाग दिसू लागतो. त्या बहुधा माद्या असतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास नरांचा पर अरुंद होऊ लागतो आणि पुढच्या दोन आठवड्यांत शेपटीच्या मुळाशी रंगाची पहिली झाक येते. वेगळे करायचे असल्यास ते चार ते पाच आठवड्यांच्या दरम्यान करावे, कारण नर अपेक्षेपेक्षा लवकर वयात येतात. ज्यांच्याबद्दल शंका आहे अशी पिल्ले तिसऱ्या टबात आणखी आठवडाभर ठेवावीत. तिसरा टब शक्य नसेल तर शंकेचे पिल्लू नरांमध्ये टाकावे. ते मादी निघाले तर एकच मादी गर्भार होईल. उलट एक नर माद्यांमध्ये राहून गेला तर सगळ्याच माद्या गर्भार होतील. ‘आमच्या मादीचा पुढे नर झाला’ असे सांगणारे लोक भेटतात, पण गप्पी वयाबरोबर लिंग बदलणारे मासे नाहीत; बहुतेक वेळा तो उशिरा वाढलेला नरच असतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना आवर्जून सांगावीशी वाटते. आडातून किंवा हौदातून फुकट मिळालेले मासे घरी आणताना ते गप्पीच आहेत याची खात्री करावी. डासांसाठीच सोडला जाणारा गॅम्बुशिया हा मासा दिसायला गप्पीच्या मादीसारखा असतो. त्याच्या मादीलाही पोटाशी काळा डाग असतो आणि नरालाही काडीसारखा पर असतो. परंतु त्याचा नर गप्पीच्या नरासारखा रंगीत नसतो. ज्या हौदात काडीचा पर असलेले मासेही सगळे एकजात राखी आहेत, तेथील मासे गप्पी नसण्याचीच शक्यता अधिक. गॅम्बुशिया भांडखोर असतो आणि गप्पींच्या शेपट्या कुरतडतो, त्यामुळे तो एकदा टाकीत आला की पुढील सगळी व्यवस्था फुकट जाते.

शांतता कशी राखावी

नराच्या दिवसाचा बराचसा भाग मादीपुढे अंग इंग्रजी एस अक्षरासारखे वाकवून थरथरत नाचण्यात किंवा तिच्या नकळत मागून येऊन जबरदस्तीने मिलन साधण्याचा प्रयत्न करण्यात जातो. हा त्याचा स्वभाव आहे आणि तो बदलता येत नाही. त्रिनिदादमधील ओढ्यांत अभ्यासकांना असे आढळले आहे की नरांचा त्रास चुकवण्यासाठी माद्या खोल, शिकारी माशांचा धोका असलेल्या पाण्याकडे सरकतात, कारण भडक रंगाचे नर तेथे जाण्यास कचरतात. ज्या त्रासापासून सुटण्यासाठी मादी जिवाचा धोका पत्करते, तो त्रास काचेच्या चार भिंतींमध्ये किती असह्य होत असेल याचा विचार टाकी मांडणाऱ्याने करायला हवा.

म्हणून एका नरामागे किमान दोन आणि शक्यतो तीन माद्या ठेवाव्यात, जेणेकरून पाठलाग एकीवर न होता वाटला जाईल. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा सामान्य टाकीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते. तिच्यात सुरुवातीला दोन नर आणि पाच किंवा सहा माद्या पुरेशा होतात. पुढे पिल्ले होणारच असल्यामुळे पहिल्याच दिवशी टाकी भरून टाकू नये. गोल काचेच्या भांड्यात गप्पी ठेवूच नयेत. त्यात ना आडोसा करता येतो, ना पाणी स्थिर राहते.

प्रमाणाइतकेच महत्त्व आडोशाला आहे. टाकीचा निदान एक तृतीयांश भाग दाट वनस्पतींनी भरलेला असावा. आपल्याकडच्या तळ्यांत सहज मिळणारी हायड्रिला यासाठी उत्तम आहे. ती आणल्यावर गोगलगाई व किडे काढून, स्वच्छ धुऊन, आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून मगच टाकीत लावावी. जावा मॉस मिळाल्यास ते तळाशी ठेवावे, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींची मुळे वरच्या थरात पडद्यासारखी पसरू द्यावीत, कारण गप्पी बहुतांश वेळ वरच्या थरातच वावरतात. वनस्पती अशा लावाव्यात की टाकीच्या एका टोकाला असलेला नर दुसऱ्या टोकाची मादी पाहू शकणार नाही. दृष्टीआड झालेल्या मादीचा पाठलाग नर बहुधा सोडून देतो.

त्रासाची लक्षणे लवकर ओळखता आली पाहिजेत. मादी पर अंगाशी मिटून घेते, कोपऱ्यात किंवा हीटरच्या मागे थांबते, खाणे टाकल्यावर सगळ्यांत शेवटी येते, किंवा तिच्या शेपटीची कड फाटलेली दिसते. यातील दोन लक्षणे एकाच वेळी दिसली तर वाट न पाहता नराला बाहेर काढावे. मादीला वेगळे काढण्यापेक्षा दांडगाई करणाऱ्या नराला चार-पाच दिवस वेगळ्या भांड्यात ठेवणे अधिक चांगले. दरम्यान टाकीतील वनस्पती व दगडांची जागा थोडी बदलावी. परत आल्यावर त्याला टाकी अनोळखी वाटते आणि त्याचा जोर काही काळ तरी ओसरतो.

ज्यांना पिल्लांचा पसारा नको आणि रंग मात्र पाहायचे आहेत त्यांनी केवळ नर ठेवावेत. माद्या नसतील तर नरांमधील चुरस बरीच कमी होते, मात्र दोन किंवा तीन नर ठेवल्यास त्यांतील दुबळ्यावर सगळा राग निघतो. सहा किंवा अधिक नर एकाच दिवशी टाकीत सोडावेत. या नरांत ‘एखादी मादी असू द्या’ म्हणून एकटी मादी सोडणे ही मी पाहिलेल्या सगळ्या चुकांतील सर्वांत क्रूर चूक आहे.

केवळ माद्यांची टाकी सगळ्यांत शांत असते, पण दुकानातून आणलेली मादी बहुधा आधीच गर्भार असते. शिवाय एका मिलनातील शुक्राणू ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे नराचे तोंडही न पाहता तिला एकामागून एक पिल्लांच्या खेपा होऊ शकतात.

सोबतीला दुसरे मासे हवे असतील तर प्लॅटी, मॉली किंवा तळाशी राहणारे कोरिडोरस चालतात. फायटर आणि टायगर बार्ब हे लांब शेपटी दिसली की तोडतात, त्यामुळे त्यांना दूर ठेवावे.

पाणी, थंडी आणि खाणे

बिघडलेल्या पाण्यात मासे अधिक चिडके होतात, हा अनुभव मला वारंवार आला आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मगच वापरावे. नवी टाकी मांडल्यावर फिल्टरच्या स्पंजात उपयोगी जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर हेच जिवाणू करतात. तोवर दोन-तीनच मासे ठेवावेत आणि तेही सगळे एकाच लिंगाचे असावेत. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा.

गप्पींना थोडे जड, क्षारयुक्त पाणी मानवते. अथणी-रायबागकडच्या काळ्या जमिनीतील बोअरचे पाणी स्वयंपाकाला जड वाटत असले तरी या माशांना ते सहसा सोसते. खानापूरकडे मात्र लाल जांभ्या मातीतून आणि भरपूर पावसातून येणारे पाणी हलके असते. तेथे फिल्टरमध्ये मूठभर धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा ठेवल्यास फरक पडतो.

तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत येथे रात्री पारा १५ अंशांच्याही खाली उतरतो, त्यामुळे पन्नास लिटरच्या टाकीला पन्नास वॅटचा आपोआप बंद होणारा हीटर लावणे योग्य ठरते. वीज गेल्यास टाकीभोवती जुनी चादर किंवा घोंगडे गुंडाळावे. पावसाळ्यात खिडकीजवळच्या टाकीचे पाणी एकाएकी गार होते आणि माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येण्याचा रोग याच काळात बळावतो, म्हणून त्या दिवसांत नवे मासे आणणे टाळावे. इतर वेळीही नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवूनच टाकीत सोडावा.

खाणे दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि टाकीत दोन ठिकाणी टाकावे. एकाच जागी टाकले तर दांडगे मासे दुबळ्यांना जवळ येऊ देत नाहीत. तयार दाण्यांबरोबर आठवड्यातून एकदा उकडलेला पालक आणि मिळाल्यास डासांच्या अळ्या द्याव्यात.

बाळंतपण आणि वाढलेली संख्या

मादीला साधारण दर चार आठवड्यांनी पिल्ले होतात आणि एका खेपेत वीस ते साठ पिल्ले ही नेहमीची गोष्ट आहे. पोट गोल न राहता चौकोनी दिसू लागले, मादी एकटी राहून खाणे टाळू लागली की वेळ जवळ आली असे समजावे. तिला हलवायचेच असेल तर चार-पाच दिवस आधी, जाळीने न पकडता भांड्याने पाण्यासकट उचलून, दाट वनस्पतींच्या दुसऱ्या लहान टाकीत न्यावे. टाकीत अडकवायच्या प्लास्टिकच्या चिंचोळ्या पेटीत मादी घाबरते, म्हणून ती मी वापरत नाही. आई स्वतःची पिल्ले खाते. त्यामुळे प्रसूती संपताच तिला पिल्लांपासून वेगळे करावे.

मात्र तिला लगेच नरांमध्ये सोडू नये, आणि हीच गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. पिल्ले झाल्यानंतरचे दोन-तीन दिवस मादी पुन्हा मिलनास योग्य असते, हे नरांना तिच्या वासावरून कळते आणि सगळे नर तिच्यावर तुटून पडतात. थकलेल्या मादीला तीन-चार दिवस एकटी, भरपूर खाणे देऊन ठेवावे. माझ्याकडे बाळंतपणानंतर मरणाऱ्या माद्यांची संख्या या एका सवयीने जवळजवळ शून्यावर आली.

पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमूटभर पाण्यात कालवून किंवा बारीक चुरलेले दाणे दिवसातून तीन-चार वेळा द्यावेत आणि उरलेले लगेच काढावे, कारण बलकाने पाणी फार लवकर नासते. पुढे त्याच त्या कुळात वीण होत राहिल्यास पाठीत बाक असलेली, दुबळी पिल्ले निघू लागतात. वर्षातून एकदा दुसऱ्या घरचा नर आणून सोडावा.

वर्षभरात मासे जास्त होणार हे निश्चित आहे. जास्तीचे मासे ओळखीच्या लोकांना देताना त्यांना नर आणि माद्या मोजून, एकास तीन या प्रमाणात द्याव्यात आणि जोडी मागणाऱ्याला थोडे थांबवून समजावून सांगावे. घरच्या बंदिस्त हौदात किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारून वापरात नसलेल्या आडात ते सोडता येतात. परंतु कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेत, मार्कंडेयात किंवा खानापूरच्या जंगलातील कोणत्याही ओढ्यात ते कधीही सोडू नयेत. सह्याद्रीच्या या पाण्यात जगात इतरत्र न सापडणारे लहान मासे राहतात, आणि दर महिन्याला वाढणारा हा परका मासा त्यांचे खाणे, त्यांची जागा आणि त्यांची पिल्ले संपवू शकतो. मासे द्यायला कोणी उरले नसेल तर नर आणि माद्या दोन वेगळ्या टाक्यांत करावेत. माद्यांकडे साठलेले शुक्राणू संपेपर्यंत काही महिने पिल्ले होत राहतील, त्यानंतर ती थांबतील.